गोठ्यात कोणी जायचं

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी बायकोला दिवस गेले. आईला ते कळलं होतं, मला कळलं होतं, आणि आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कळूनही कळलं नव्हतं. आमच्याकडे ओटी भरेपर्यंत ही गोष्ट पुरुषांमध्ये बोलली जात नसे. सासऱ्यासमोर तर नाहीच. मी आमच्या इतवारा मोहल्ल्यातल्या शाळेत मास्तर होतो, वर्गात चाळीस पोरांसमोर घसा फोडून बोलायचो. पण बापासमोर बायकोचं नाव निघालं की माझी मान खाली जायची.

घर इतवाऱ्यातच होतं आणि मागच्या अंगणात म्हशींचा गोठा. आबांचं दूध आसपासच्या आळ्यांत जायचं. पहाटे तालमीतली पोरं लोटे घेऊन यायची आणि आबा त्यांच्या लोट्यात थेट धार काढून द्यायचे. पोरं तिथंच उभ्याने प्यायची, मिशीवरचा फेस पुसायची. आबांना त्याचा फार अभिमान. "उकळलं की दुधाची ताकद चुलीत जाते," असं ते म्हणायचे.

त्या थंडीत देडतलाईच्या बाजारातून आणलेली एक म्हैस गाभडली. दिवस भरत आले होते. सकाळी गोठ्यात मेलेलं पारडू पडलं होतं आणि वार आतच अडकली होती. आबांनी आधी मागचं दार लावून घेतलं. नजर लागली म्हणाले. गिऱ्हाइकांना कळलं तर दूध तुटेल, ही भीती त्याहून मोठी होती. मग ते दूध वाटायला गेले आणि गोठा बायकांवर सोपवला.

मी दारात उभा होतो. शेण लागू नये म्हणून धोतर वर धरलं होतं. आई म्हशीचं शेपूट धरून होती आणि बायको कोपरापर्यंत हात घालून वार ओढत होती. तिच्या बांगड्या वर सरकवल्या होत्या. काम झाल्यावर तिने हौदातल्या पाण्याने हात धुतले, राखेने चोळले, पदराला पुसले आणि आत जाऊन भाकरीचं पीठ मळायला बसली. त्याच हौदातलं पाणी म्हशी प्यायच्या. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. भाकरी नेहमीसारखीच गोड लागली.

थोड्याच दिवसांनी दुसरी म्हैस गाभडली, तेव्हा मात्र मी ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून आणलं. ते नागपूरकडचे होते. अंगात खाकी कोट, खिशात स्वतःची साबणवडी. म्हशीला हात लावायच्या आधी त्यांनी हात धुतले आणि नंतरही धुतले, तेही स्वतंत्र बादलीत.

"याआधी कोणती गाभडली होती?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब, ही पहिलीच," आबा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हौदाकडे पाहिलं. त्यांना समजलं असावं, कारण पुढचं सगळं ते मलाच उद्देशून बोलले.

"मास्तर, हा रोग एकीचा दुसरीला लागतो. माणसालाही लागतो. ताप येतो, जातो, पुन्हा येतो, लोक मलेरिया समजून कडू औषध पीत बसतात. दूध उकळल्याशिवाय कोणाला देऊ नका. वार आणि पारडू खोल पुरा, वर चुना टाका, कुत्र्यांना ओढू देऊ नका. गोठ्यात काम करणाऱ्यानं साबणानं हात धुवावेत." मग थांबून त्यांनी विचारलं, "घरात कोणी पोटुशी बाई आहे का?"

आबा म्हशीच्या पाठीवरून हात फिरवू लागले. आई पडवीतल्या खांबाआड होती. परक्या पुरुषासमोर ती असल्या गोष्टीवर बोलणार नव्हती. उरलो मी.

"नाही," मी म्हणालो.

"मग बरं आहे. असती तर तिला गोठ्याकडे फिरकूही देऊ नका असं सांगितलं असतं."

दवाखान्यापर्यंत मी त्यांच्या सायकलच्या बाजूने चालत गेलो. वाटेत बोलायला खूप वेळ होता. ते बदलीबद्दल बोलत होते. राज्यांची नवी मांडणी होत होती, नागपूर मुंबईकडे जाणार होतं, आमचे कागद भोपाळला. "मी तिकडचा पर्याय लिहून दिला आहे," ते म्हणाले. "तुमचं काय?" आमचं काय असणार, आम्ही होतो तिथंच राहणार होतो. एवढंच बोलून मी परतलो.

संध्याकाळी बायको दिवे पुसत असताना मी तिला म्हणालो, "उद्यापासून गोठ्यात जाऊ नकोस."

"काहून? मी काय कलेक्टरीण झाले?"

"डॉक्टर म्हणाले. पोटातल्या बाळाला धोका असतो."

ती हसायची थांबली. "मग सासूबाईंना तुम्ही सांगा. मी सांगितलं तर कामचुकार ठरीन. चांदनी गावच्या पोरीला माहेरी काही शिकवलं नाही म्हणतील."

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी आईला मी सांगितलं ते एवढंच, की तिला जरा जपून काम दे. आई सूप पाखडत होती. तिने वरही पाहिलं नाही. "तुझ्या वेळेला मी शेवटच्या दिवसापर्यंत शेण काढलं बेटा. काय झालं तुले? चांगला मास्तर झाला!" पडवीत बसलेले आबा यावर खोकल्यासारखं हसले. ते ऐकत आहेत हे कळल्यावर डॉक्टरांचं वाक्य माझ्या तोंडात आलं होतं ते मी गिळलं. दूध उकळून द्यावं हेही मी त्यांना एकदा सुचवलं. "त्या नागपुरीयाले बाटलीतलं दूध पाजलं असेल लहानपणी," ते म्हणाले, आणि विषय संपला.

बायको गोठ्यात जात राहिली. मी तिला साबण आणून दिला. ती तो जपून, अंघोळीपुरता वापरायची. हातांना शेण लागलं तर राख पुरते, साबण कशाला झिजवायचा, असं तिचं म्हणणं, आणि त्या साबणाने मला माझं काम झाल्यासारखं वाटू लागलं होतं.

फाल्गुनात तालमीतला एक पोरगा अंथरुणाला खिळला. मग दुसरा. सकाळी बरे, संध्याकाळी थंडी भरून यायची, रात्री घामाने गोधड्या भिजायच्या. पलीकडच्या आळीत एका विणकराच्या घरी तिघे तसेच पडले होते. त्यांच्याकडे आमचंच दूध जायचं. लोक म्हणायचे, मच्छर वाढले. वैद्य म्हणायचे, मुदतीचा ताप. मला वेगळं माहीत होतं आणि मी शाळेत जाऊन पाढे म्हणून घेत होतो.

मग बायकोची कंबर दुखू लागली. संध्याकाळी ती भिंतीला टेकून बसायची, अंग कढत. आईने काढा दिला. एका दुपारी शाळेचा शिपाई मला बोलवायला आला तेव्हा मी ओळखलं. घरी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मागच्या अंगणात ओली माती दिसत होती. सहावा महिना होता. ओटी नुकतीच भरली होती. आता आबांना ते अधिकृतपणे माहीत होतं, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

त्याच तापाने तसं झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. कोणी रक्त तपासलं नाही. मी दुसऱ्या दिवशी ढोरांच्या दवाखान्यात गेलो. काय विचारणार होतो कोण जाणे. डॉक्टर नागपूरला निघून गेले होते. दारावरच्या पाटीवरचं नागपूरचं नाव पुसून रंगारी भोपाळचं काढत होता. नवा माणूस कधी येईल, मी विचारलं. "भोपाल से आएगा तब आएगा," तो म्हणाला.

बायकोने मला कधी दोष दिला नाही. एकदाच तिने विचारलं होतं, "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही नाही का म्हणालात? सासूबाई सांगत होत्या." मी म्हणालो, आबा होते. तिने मान डोलावली. तिला ते पटलं होतं, हेच मला सगळ्यात जास्त लागलं. माझ्या जागी तीही तेच म्हणाली असती.

दीड वर्षाने तिला पुन्हा दिवस गेले. मला कळलं त्याच सकाळी मी अंगणात गेलो. आबा धारेला बसले होते, आई पारडाला दावं बांधत होती. "ती आजपासून गोठ्यात येणार नाही," मी मोठ्याने म्हणालो. "तिला दिवस गेलेत. दूध उकळल्याशिवाय ती पिणार नाही आणि मीही पिणार नाही."

आबांच्या हातातली धार थांबली. एवढ्या वर्षांत असं बोलणं त्या अंगणात कोणी ऐकलं नसेल. ते उठले, बादली तशीच टाकून बाहेर निघून गेले आणि पुढे कित्येक दिवस माझ्याशी थेट बोलले नाहीत. आईकडे पाहून "तुझ्या मास्तरला सांग" असं म्हणायचे. बायको मात्र गोठ्यात गेली नाही. दूध उकळू लागलं. तालमीतली पोरं यायची बंद झाली होती, पण ती आधीच, तापामुळे.

आम्हाला मुलगी झाली. भरल्या दिवसांची, धडधाकट, आवाजाने आळी जागी करणारी. मला वाटलं, मी सुटलो.

गोठ्यातलं काम कोणी केलं, हा प्रश्न मी त्या नऊ महिन्यांत एकदाही विचारला नव्हता. ते आईने केलं. दोन माणसांचं काम ती एकटी करत होती, आणि त्या काळात आणखी एक म्हैस गाभडली तेव्हा वारही तिनेच एकटीने काढली, उघड्या हातांनी. मी "ती जाणार नाही" असं म्हणालो होतो. "कोणीच तसं जाणार नाही" असं म्हणालो नव्हतो. आणि "मी जातो" हे तर माझ्या मनातही आलं नव्हतं. डॉक्टरांचं बोलणं मला पाठ होतं. फावडं मी हातात धरलं नव्हतं.

मुलगी तीन-चार महिन्यांची असताना आईला ताप येऊ लागला. तो जायचा, यायचा. गुडघे सुजले, मग उठताना ती भिंत धरू लागली. पुढे तिची जी वर्षं गेली ती अशीच गेली. सरकारी दवाखान्यात मी तिला नेलं तेव्हा मी सगळं नीट, न लाजता सांगितलं, म्हशींपासून. डॉक्टर तरुण होता, त्याने ऐकून घेतलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काही महिने बरं वाटायचं.

म्हशी आम्ही विकल्या नाहीत. विकल्या असत्या तर दुसऱ्याच्या सुनेच्या वाट्याला गेल्या असत्या, एवढं मी आबांना तोंडावर सांगू शकलो. मी रोज शाळेआधी शेण काढू लागलो, पायात बूट घालून. शेजारचे हसायचे, "मास्तर, म्हशींना पण शिकवता का?" आबा हसायचे नाहीत. एके दिवशी त्यांनी दुसरं फावडं उचललं.

एका संध्याकाळची आठवण जात नाही. आई पडवीत बसली होती, दात वाजत होते. मी तिच्या अंगावर गोधडी घातली, वरून घोंगडी घातली, तरी तिची थंडी जाईना.

"सूनबाई कुठे?" तिने विचारलं.

"आत आहे. पोरीला पाजतेय. बोलावू?"

"नको," आई म्हणाली. "मले ताप आहे. तिले जवळ नको येऊ देऊ."

तो ताप माणसाकडून सहसा माणसाला लागत नाही, हे मला माहीत होतं. मी तिला ते सांगितलं. तिने ऐकलं नाही, घोंगडी डोक्यावरून घेतली आणि हाताने मला आत जायची खूण केली.