पंचनाम्यातले अकरा चाळीस

नोकरीतल्या कितीतरी घटना आता पुसट झाल्या आहेत. पण कराडजवळच्या एका कारखान्यात आम्ही एक संगणक जप्त केला, ती सकाळ आजही जशीच्या तशी आठवते. त्या सकाळी चूक झाली, आणि ती आमच्याच हातून झाली.

मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. कारखान्यातल्या सांडपाण्याच्या टाकीत उतरलेला एक फिटर आतल्या वायूने गुदमरून मेला. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद घेतली. व्यवस्थापकाने जबाब दिला की पंप अडकला होता आणि फिटर कुणालाही न विचारता स्वतःच्या मनाने खाली उतरला. सोबतचे कामगार मान खाली घालून बसले. एकाचेही तोंड उघडले नाही. कागद त्याच वळणाने पुढे गेले असते, तर मेलेल्या माणसाच्याच नावावर हलगर्जीपणा चिकटला असता.

पाचव्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. रडत नव्हती. म्हणाली, "आवं साहेब, आमचं मालक असं उतरणारं न्हवतं. टाकीत वायू साठतोय, त्यो मोजायचं मीटर बंद हाय, असा मेल त्येनी मोठ्या म्यानेजर साहेबाला लावला हुता. हापिसातल्या भाऊसाहेबांनी टाइप केला. मला घरी येऊन मालकांनीच सांगितलं हुतं. मला दुसरं काय नको. त्येची चूक न्हवती एवढं लिवा."

भाऊसाहेब म्हणजे देखभाल विभागाचा कारकून. पन्नाशीचा, नीटनेटका, खिशाला दोन पेन. ज्या कामगारांना लिहिणे जमत नसे, त्यांचे अर्ज तोच टाइप करून देई. हे ऐकून मला माझे वडील आठवले. म्हसवडच्या बाजूला आमच्या वाडीत ते अंगठा उठवायचे आणि त्यांची पत्रे शाळेतले गुरुजी लिहायचे. त्याच गुरुजींनी मला शिकवले म्हणून घराण्यात पहिला पदवीधर मी झालो. असा माणूस खोटे लिहिणार नाही, असे तेव्हा मनात आले होते. ते मनातच राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही संगणक जप्त करायला गेलो. कारकून खुर्चीत होता. समोर मेलचा प्रोग्राम उघडा होता, नवीन मेल उतरत होत्या. माझ्याबरोबरचा हवालदार जुना आणि कामाचा पक्का. त्याने कारकुनाला उठवून बाजूला उभे केले. पंचनाम्याची आमची रीतच तशी आहे. वस्तू असेल त्या स्थितीत ताब्यात घ्यायची आणि तिथल्या माणसाला हात लावू द्यायचा नाही.

कारकून म्हणाला, "साहेब, दोन मिनिटं थांबा, नीट बंद करून देतो."

"लय हुशार हायस गड्या," हवालदार म्हणाला. "आमच्या डोळ्यांदेखत पुसायचं व्हय? इतकी वर्षं पंचनामे करतोय, आता ह्यो डबा मला शिकवणार?"

आणि त्याने भिंतीतून पिन ओढली. पडदा काळा झाला. पंचांसमोर संगणक पांढऱ्या कापडात बांधला, गाठीवर लाखेचे सील ठोकले. मी पंचनाम्यात वेळ लिहिली, अकरा वाजून चाळीस मिनिटे. कारकुनाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "बघू."

संगणक साताऱ्याला सायबर शाखेकडे गेला आणि निरोप आला की मेलची फाईल खराब आहे, उघडत नाही. त्या प्रोग्राममध्ये सगळ्या मेल संगणकावरच्या एकाच मोठ्या फाईलमध्ये साठत. एकदा उतरवून घेतल्या की कंपनीच्या सर्व्हरवरून त्या पुसल्या जात. म्हणजे फाईल गेली की सारेच गेले. व्यवस्थापकाच्या संगणकात पाहिले, तर तिथे जुन्या मेल ठेवलेल्याच नव्हत्या. तो शांतपणे म्हणाला, "मेल केली असती तर त्या कारकुनाची फाईल नेमकी आत्ताच कशी बिघडली? मयत त्याच्याच गावचा होता, एवढं लक्षात घ्या."

मी ते लक्षात घेतले. कारकुनाला दोन दिवस ठाण्यात बोलावले. मारले नाही, शिवी दिली नाही. फक्त बाकावर बसवले आणि तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. फाईल कधी खराब केलीस? कुणाच्या सांगण्यावरून?

"साहेब, तुमी आला तवा चालू हुती की. तुमीच बघितली."

"मेल केली कशावरून?"

"मी केली. उत्तर बी आलं हुतं. एका शब्दाचं. 'बघू' म्हणून."

मी ऐकले, जबाबात उतरवून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला. पहिल्याच वाक्यात त्याने सगळे सांगून टाकले होते. मी उत्तर शोधत होतो, म्हणून समोर आलेले उत्तर मला दिसले नाही. ठाण्याच्या बाकावर बसलेला माणूस जाणारे येणारे बघतात. तिसऱ्या दिवशी कारखान्याने त्याला पुरावा नष्ट केल्याच्या संशयावरून निलंबित केले.

उलगडा केला सायबर शाखेतल्या एका तरुण महिला शिपायाने. मी साताऱ्याला गेलो तेव्हा ती म्हणाली, "सर, मूळ फाईलला हात लावलेला नाही. आधी प्रत काढली आणि दुरुस्ती प्रतीवर केली. दुरुस्तीचं साधन त्या प्रोग्रामबरोबरच येतं. पण ते चालवलं की काही मेल गळतात, म्हणून मूळ तशीच जपायची."

मग तिने आमचा पंचनामा पुढे ओढला. "सर, या फाईलमध्ये शेवटचं लिहिलं गेलं ते अकरा एकोणचाळीसला. लिहीत असतानाच वीज गेली, फाईल बंदच झाली नाही. तुमच्या पंचनाम्यात अकरा चाळीस आहे." तिने विचारले, "पिन कुणी काढली?"

मला त्या खोलीत बसवेना.

दुरुस्तीनंतर फाईल उघडली, पण कप्पे मोडलेले. ज्यांचा ठिकाणा लागत नव्हता त्या मेल एका ढिगात पडल्या होत्या. दिवाळीच्या शुभेच्छा, रजेचे अर्ज, सुट्या भागांच्या याद्या. त्या ढिगात ती होती. कारकुनाने फिटरचे बोलणे जसेच्या तसे टाइप केले होते: "टाकीत उतरलं की डोळ्यापुढं अंधारी येती. मीटर बंद हाय. मीटर दुरुस्त झाल्याबिगर मी कुणाला उतरू देणार न्हाई."

ही मेल वाचून दाखवल्यावर एका कामगाराने तोंड उघडले. व्यवस्थापकानेच फोन केला होता. पाच मिनिटांचे काम आहे, उतर. गुन्हा दाखल झाला. मयताची चूक नव्हती, हे कागदावर आले. ते मी त्याच्या बायकोला स्वतः वाचून दाखवले. ती म्हणाली, "परत एकदा वाचा." मी परत वाचले.

पण एका शब्दाचे उत्तर सापडले नाही. दुरुस्तीत ज्या मेल गळाल्या त्यांत तेही गेले. न्यायालयात व्यवस्थापक म्हणाला की मेल आपल्याला मिळालीच नाही. कामगार साक्षीच्या वेळी उलटला. संशयाचा फायदा देऊन व्यवस्थापक सुटला.

कारकुनाला कारखान्याने परत घेतले नाही. निवृत्तीनंतर मी सांगलीला त्याला भेटायला गेलो. न्यायालयाबाहेर टेबल टाकून तो लोकांचे अर्ज टाइप करत होता. खिशाला दोन पेन तशीच. मी माफी मागितली. त्याने मला स्टूल दिले आणि चहा सांगितला.

"साहेब, उत्तर सापडलं का वो?" त्याने विचारले.

"नाही."

"आलं हुतं पण."

"आलं होतं," मी म्हणालो. "मला माहीत आहे."

गुरुजींनी मला लिहायला वाचायला शिकवले. समोरच्या माणसाचे ऐकून घ्यायला मात्र मी त्या प्रकरणानंतर शिकलो, आणि त्याची फी दुसऱ्याने भरली. पुढच्या प्रत्येक जप्तीत मी पहिला प्रश्न खुर्चीतल्या माणसालाच विचारत असे: हे बंद कसे करतात? पण त्या दिवशी त्याने न विचारताच सांगितले होते. फक्त दोन मिनिटे मागितली होती.

तो चहा मी संपवला. तोवर पुढचा माणूस आला आणि कारकुनाने नवा कागद घेतला.