पेंढेकाकांचा हात

पेंढेकाकांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी मला बसायला सांगण्याआधी माझ्या शालीवरून हात फिरवला. तोही सरळ नाही. खालून वर, लवेच्या विरुद्ध. मी नुकतीच कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते, कॉलेजचं मेलेलं मुंगूस भरून घ्यायला आले होते, आणि अनोळखी माणसाने असं अंगावरच्या शालीला हात लावणं मला मुळीच खपण्यासारखं नव्हतं. मी तोंड उघडणार तोच ते म्हणाले, "काश्मिरी म्हणून देली असन दुकानदारानं तुले. अर्धं सूत आहे यात, बाई." आतून काकूंचा आवाज आला, "आधी हात धुवा म्हटलं, मंग लोकायच्या शालीले लावा." शाल मी काश्मिरी म्हणूनच घेतली होती. काकांवरचा राग जागच्या जागी दुकानदारावर गेला.

धरमपेठेत घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये ते मेलेल्या जनावरांना उभं करत. सगळी वस्ती त्यांना पेंढेकाका म्हणायची आणि त्यांना ते नाव अजिबात आवडत नसे. "पेंढा गाईले घालते. मी लाकडाचा भुसा भरतो, कागदाचा लगदा भरतो, तार घालतो," असं ते प्रत्येकाला समजावत, आणि समजावून झालं की तो माणूस "बरं, येतो पेंढेकाका" म्हणून निघून जाई. त्या शेडमध्ये तुरटीचा, कापराचा आणि त्याखाली आणखी कशाचा तरी वास असे. काचेचे डोळे चहापत्तीच्या डब्यात ठेवलेले. एकदा काकूंनी चहासाठी चुकून तोच डबा उघडला आणि दोन बिबटे त्यांच्याकडे बघू लागले. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या डब्यावर त्यांनी खडूने ठळक फुली मारून ठेवली.

ते साठ सालानंतरचे दिवस. हिवाळा लागला की चांद्याकडून, शिवनीकडून जीपगाड्या येत. शिकारी कंपन्यांचे पाहुणे, वकील, जुने मालगुजार. मीठ चोळलेली कातडी गोणपाटात गुंडाळून शेडच्या दारात पडत. काका गुंडाळी सोडत आणि सगळ्यांत आधी हात उलटा फिरवत. "वरून सगळंच गुळगुळीत असते," ते म्हणत. "उलटा हात फिरव, मंग समजते आत काय आहे." हा नियम त्यांनी कशालाच सोडला नाही. शेजारच्या मांजरीला, कॉलेजच्या मुंगसाला, इतकंच काय, पुतणीला बघायला आलेल्या मुलाच्या कोटालाही. ती सोयरीक मोडली. ती कोटामुळे मोडली असं काकू अजून म्हणतात.

या माणसाला मी संत करणार नाही. वाघांच्या मरणावरच त्यांची चूल पेटत होती आणि ते त्यांना ठाऊक होतं. एका हिवाळ्यात ते कातड्यावर टेप धरून बराच वेळ उभे राहिले. मी काय झालं म्हणून विचारलं. "आधी मोठाले येत," ते म्हणाले. "आता पोरं आणून राहिले. याचे दात बी पुरते आले नाहीत." मी तरुण होते, म्हणून फटकन विचारलं, "मग घेता काहून?" त्यांची भाषा माझ्या तोंडी तोवर आली होती. ते म्हणाले, "मी नाही घेतलं तं सडन. मेलेल्याले सडू देऊ?" पण हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

मग कायदा आला. शिकार बंद झाली आणि शेड रिकामी पडली. ज्यांच्या घरी आधीपासून वाघ-बिबट्याची कातडी होती, त्यांनी ती दाखवून मालकीचा कागद घ्यायचा असं ठरलं. यात मेख अशी होती, की कागद मिळालेलं कातडं निर्धास्त होई. कालपरवा विष घालून मारलेल्या वाघाचं कातडं आजोबांच्या वेळचं म्हणून खपलं, की मारणाऱ्याला पुढचा वाघ मारायला मोकळीक. जुनं कोणतं आणि ताजं कोणतं, हे जंगलखात्याच्या ऑफिसातल्या कोणाला सांगता येईना. शेवटी त्यांनी पेंढेकाकांना बोलावलं.

काका बदलले. धुतलेलं धोतर, सायकलला पिशवी, आणि चालण्यात शाळेतल्या हुशार मुलासारखा तोरा. पहिल्याच वर्षी त्यांनी तीन-चार ताजी कातडी पकडून दिली. पकडलं की सायकल थेट माझ्या प्रयोगशाळेच्या दारात. कानाची कड अजून मऊ होती. गोळीच्या भोकाभोवती रक्ताचं काळं वर्तुळ नव्हतं, म्हणजे आधी विषानं मारलं आणि भोक मागून पाडलं. नाकाजवळ कसर लागली नव्हती. "लिहून घे वं," ते म्हणत. "मी काय जन्मभर पुरतो?" मी लिहून घेत असे. माझं अक्षर चांगलं आहे, आणि मला त्याचा गर्व होता.

कॉलेजात त्यांचं व्याख्यान ठेवायची कल्पना माझी. विद्यार्थी येतील, जंगलखात्याचे गार्ड येतील, काकांची विद्या चार जणांत पसरेल. त्यांच्या सगळ्या खुणा मी क्रमवार लिहिल्या आणि सायक्लोस्टाइल करून घेतल्या. काका त्या दिवशी असे काही बोलले की घंटा झाल्यावरही पोरं उठली नाहीत. मागच्या बाकावर सफारी घातलेला एक गृहस्थ बसला होता. त्याने दोन प्रश्न विचारले, फार नेमके. कातडं उन्हात किती दिवसांनी पिवळं पडतं, आणि कसर आपणहून लागते की लावता येते? असा विद्यार्थी काकांना जन्मात भेटला नव्हता. त्यांनी पाव तास उत्तर दिलं. जाताना त्या गृहस्थाने कागदाची एक जास्तीची प्रत मागितली, आणि ती मी माझ्या हाताने दिली.

दोन हिवाळे गेले. काकांना बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं, म्हणून ऑफिसात जाताना ते मला बरोबर नेत. अशाच एका दिवशी व्हरांड्यात तोच गृहस्थ बसला होता. उठला, काकांच्या पाया पडला. "काका, ओळखलं का? तुमचं भाषण ऐकलं होतं मी. वडिलांच्या वेळची वाघीण आहे, कागद करून घ्यायचा राहिला होता." काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही आत गेलो.

साहेबांच्या टेबलावर कातडं पसरलं होतं. काकांनी हात उलटा फिरवला आणि थांबले. पुन्हा फिरवला. मग पोटाकडची बाजू उजेडात ओढून वाकून बघितलं. आचळांभोवतीचे केस गोल झिजले होते.

"पिलं पीत होती हिले," ते म्हणाले. "साहेब, हे या सालचं कातडं आहे."

साहेब तरुण होते आणि प्रामाणिक होते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी खणातून एक कागद काढला. माझं अक्षर मला टेबलापलीकडून ओळखू आलं. साहेब एकेक खूण वाचत गेले आणि कातडं बघत गेले. कानाची कड वाळून तडकलेली. रंग उतरलेला. नाकाजवळ कसर. भोकाभोवती काळं वर्तुळ. प्रत्येक खुणेपुढे त्यांनी पेन्सिलीने बरोबरची खूण केली.

"काका, तुम्हीच सांगितलेलं आहे हे सगळं. यातलं काय चुकतंय?"

"काही चुकत नाही."

"मग?"

"हात सांगून राहिला, साहेब."

"हाताचं मी कागदावर काय लिहू?"

काकांनी पुन्हा आचळांकडे बोट दाखवलं. पिलं पीत होती ही गोष्ट खरी, पण कोणत्या साली पीत होती ते त्यावरून सांगता येत नव्हतं. वाघिणीला मालकीचा कागद मिळाला. तो गृहस्थ जाताना पुन्हा पाया पडला, आणि या वेळी माझ्याही पडला.

सायकल हातात धरून काका धरमपेठेपर्यंत चालत आले. वाटेत मी सांगून टाकलं, की त्याला ती प्रत मीच दिली होती. मला वाटलं, चिडतील. चिडायला हवे होते. ते म्हणाले, "बोललो तं मीच. तू फक्त अक्षर चांगलं काढलं." मग बरंच चालल्यावर म्हणाले, "पिलं काय करत असतीन वं आता?" काय करत असतील ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. दूध पिणारी पिलं आईशिवाय चार दिवससुद्धा काढत नाहीत, हे मी वर्गात शिकवते.

ऑफिसने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. कशाला बोलावतील? कागद होता ना. कातडी येत राहिली, सगळी जुनी, सगळ्या खुणा जागच्या जागी. शेड विकून काका-काकू सावनेरकडे भावाच्या शेतावर राहायला गेले.

मी शेवटची गेले ती एसटीने, एका रविवारी. काका अंगणात बाजेवर बसले होते. मी मुद्दाम तीच जुनी शाल घेतली होती. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला, वरून खाली, सरळ. "चांगली आहे," म्हणाले. मला फार वाईट वाटलं. मी तोंड फिरवून काकूंना काहीतरी विचारत बसले.

निघायच्या आधी ते एकदम म्हणाले, "त्या वाघिणीची खूण मले समजली मंग. हात काहून थांबला ते. रोज विचार करत होतो. केसाच्या मुळाशी..."

आणि ते थांबले. माझ्या हातांकडे बघू लागले.

"लिहून तं नाही राहिली ना वं?"

वही-पेन असलेली पर्स मी बाजेखाली सरकवली. दोन्ही हात उघडे करून मांडीवर ठेवले, त्यांना दिसतील असे. त्यांनी हात नीट बघून घेतले, आणि वाक्य तसंच सोडलं. मग म्हणाले, "चहा घेऊन जाय."