सातव्या किलोमीटरवरचा ऑटो

भिलाईच्या सेक्टर दहामधल्या समस्त लहानथोरांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की गेल्या वर्षीच्या मॅरेथॉनमध्ये छातीवर नंबर लावून निघालेला आणि सातव्या किलोमीटरवरून ऑटोत बसून परतलेला तो इसम मीच. कबुली दिली. आता पुढचं सांगतो.

ऑटोवाल्यानं मला प्रेमानं थेट शेवटच्या रेषेवर आणून सोडलं होतं. तिथं बायको हार घेऊन उभी, शेजारणींसकट. तिनं मुकाट्यानं तो हार ऑटोच्या आरशाला घातला. मग वर्षभर माझी घरात काही पत राहिली नाही. भाजीला निघालो तरी ती विचारायची, "पायी जाता का ऑटो बोलावू?" शेवटी मी हात उंचावून घोषणा केली, "यंदा दहाच्या दहा किलोमीटर पायांनी! नाहीतर हे बूट भंगारवाल्याला!"

"त्याले सांगून ठेवते," ती म्हणाली.

सातवा किलोमीटर येतो हुडको वसाहतीतल्या एका देवळासमोर. तिथले पुजारी महाराज भंडाऱ्याकडचे, म्हणजे आमच्याच मुलखातले. अर्धेअधिक भक्त पोलादाच्या प्लांटमधले, त्यामुळे भिलाईचा माणूस नेमका कशानं धावतो हे त्यांना पक्कं ठाऊक. ते देवाचं नाव घेत नाहीत. एका हातात घंटी, दुसऱ्यात खडीसाखरेचं ताट घेऊन ओट्यावर उभे राहतात आणि ओरडतात, "चलो भैया, चलो! हूटर बज गया! गेट बंद हो रहा है!" मग काय विचारता! कधीचे रिटायर झालेले, पोटं सुटलेले गडीसुद्धा प्लांटचा भोंगा झाला समजून दचकून सुसाट सुटतात. एकानं तर पळता पळता खिशावर हात मारून गेटपास चाचपला.

माझ्यावर मात्र हूटरचा काही परिणाम होत नाही. पंचवीस वर्षं मी उशिराच पोचतो आहे. यंदाही सातव्यालाच दम संपला, ओट्याला टेकलो आणि म्हणालो, "महाराज, झालं. मले नाही जमत."

त्यांनी माझ्या तोंडात खडीसाखर कोंबली. "कावून नाही जमत? तीनच तर राहिले."

कोपऱ्यावर एकुलता एक ऑटो उभा होता, माझी नजर तिकडं. महाराजांनी ती नजर ओळखली. गेल्या वर्षी त्यांच्यादेखतच तर मी पळालो होतो.

मी पाऊल उचलायच्या आत ते धोतर सावरत ऑटोपाशी पोचले आणि ताट-घंटीसकट मागच्या सीटवर ऐसपैस बसले.

"सरका ना महाराज, दोघं मावतो."

"जागा नाही भाऊ. इथं प्रसाद बसला आहे."

"पण तुमी चालले कुठं?"

"तुमी जासान तिथं!"

रस्त्याची दुसरी बाजू गाड्यांना मोकळी होती. मी पळालो की ऑटो पळे, मी रेंगाळलो की तोही रेंगाळे, आणि आतून घंटी बडवत महाराज ओरडत, "हजेरी लागून राहिली भाऊ! अर्धी रजा कटते!" फुटपाथवरच्या बायका ऑटोला हात जोडत होत्या. एकीनं मलाही जोडले, मिरवणुकीतला पुढचा माणूस समजून.

आठवा गेला. नववा कसा गेला ते माझ्या गुडघ्यांना विचारा. मग मैदान दिसलं, रेषा दिसली, पलीकडे बायको, शेजारणी आणि हार. पाचसहा जणांच्या घोळक्यात मी रेषा ओलांडली. पायांनी! कुणीतरी गळ्यात पदक अडकवलं. मी दोन्ही हात वर केले.

बायकोचं लक्षच नव्हतं. घोळक्यावरून ती मागं बघत होती, कडेला येऊन थांबणाऱ्या ऑटोकडे. तिचा चेहरा पडला. माझ्या अगदी बाजूनं ती ताडताड निघून गेली आणि तिनं ऑटोत डोकं घातलं. आत महाराज, ताट, घंटी.

"अवो महाराज," ती किंचाळली, "आमच्या ह्यांले कुठं उतरवलं तुमी?"