व्हय म्हणजे काय

इंग्रजी शाळेत पाचवीत असताना पालकसभेत आमच्या वर्गशिक्षिकेनं पप्पांना विचारलं, मुलगी घरी अभ्यासाला बसते का? पप्पा उभे राहून म्हणाले, "व्हय, मॅडम." मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. परतताना स्कूटरवर मागं बसून मी त्यांना सांगितलं, पुढच्या वेळी हो म्हणायचं, नाहीतर येस. त्यानंतर माझ्या शाळेत ते आले की फक्त मान हलवायचे.

पुढं याच शब्दासाठी मी एका माणसावर सूड उगवला. पण त्याच्या आधी तो शब्द मीच घालवला होता, हे लपवून काय उपयोग?

पप्पा वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. बजाजनगरातलं आमचं जेवणखाण, झोपणंउठणं त्यांच्या शिफ्टच्या बसवर चालायचं. पण कामगारांच्या नाट्यस्पर्धेत दरवर्षी त्यांचं काम असायचंच. हवालदार, पुजारी, मुलीचा सासरा, मिळेल ते. निवृत्त झाल्यावर त्यांची एकच इच्छा राहिली होती, पडद्यावर नाव यावं. चेहऱ्याचं काय, तो लग्नाच्या व्हिडिओतही येतो, असं म्हणायचे.

सोयगावच्या बाजूला एका मराठी चित्रपटाचं शूटिंग लागलं. माझं कॉलेज नुकतंच संपलं होतं. भराभर लिहिणारी मुलगी हवी होती म्हणून मला कंटिन्युइटीला घेतलं. कोणत्या टेकमध्ये कोण कुठं उभं होतं, पदर कोणत्या खांद्यावर होता, कोण काय बोललं, हे सगळं टिपायचं. मला ते काम आवडलं, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं. पप्पा गावकऱ्यांच्या गर्दीत होते. ते माझे वडील आहेत, हे मी युनिटमध्ये कुणाला सांगितलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. इतक्या वर्षांत त्यांना सवय झाली होती.

आमच्याकडच्या कलावंतांच्या संघटनेनं निर्मात्याकडून आधीच एक अट लिहून घेतली होती. कॅमेऱ्यासमोर जो एक शब्द जरी बोलेल तो गर्दीतला नाही, तो नट, आणि नटाचं नाव शेवटी पडद्यावर येणार. संघटनेच्या चिटणीस एक वयस्कर नटी होत्या. त्या एरवी शिवणाचे क्लास घ्यायच्या. सगळे त्यांना काकू म्हणायचे.

ग्रामसभेचा सीन होता. सरपंच विचारतो, जमीन कंपनीला द्यायची ना? कागदावर एवढंच होतं की लोक गप्प राहतात. पहिल्या टेकला लोक गप्प राहिले, आणि मग त्या शांततेत पप्पांच्या तोंडून निघालं, "व्हय." हरलेल्या माणसाचं व्हय. दिग्दर्शक खुर्चीतून उठला. हे ठेवायचं म्हणाला, कॅमेरा जवळ घेतला आणि त्या एका शब्दाचे सात टेक झाले. मी सातही टिपले.

संध्याकाळी काकूंनी नावाच्या यादीत पप्पांचं नाव सांगितलं. कार्यकारी निर्मात्यानं ते घेतलं नाही. तो मुंबईहून आलेला, चाळिशीचा, सतत गॉगल कपाळावर. दुसऱ्या दिवसापासून त्याला खेळ मिळाला. चहा देताना, "काका, चहा? व्हय?" जेवताना, "काका, तुमचा डायलॉग ऐकवा ना." आणि पप्पा दर वेळी हसून तो ऐकवायचे. मी दोन हात अंतरावर वही घेऊन बसलेली असायचे. तो मला मिस कॉन्व्हेंट म्हणायचा. मी मान खाली घालायचे, आणि त्याला ते आवडायचं. त्या दिवसांत त्याच्याबद्दल मी मनात जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

पाचव्या दिवशी सकाळी आमच्याकडचे सगळे कलाकार मेकअप न करता पारावर बसून राहिले. गावकऱ्यांशिवाय गावाचा सीन कसा होणार? दुपारी जिल्हा परिषदेच्या शाळेत एका वर्गात बैठक बसली. झालेलं बोलणं लिहून काढायचं काम दोन्ही बाजूंनी मला दिलं. कार्यकारी निर्मात्याला मी त्याच्या बाजूची वाटत होते, काकूंना इकडची.

तो म्हणाला, हे वाक्य स्क्रिप्टमध्येच नाही. काकू म्हणाल्या, कॅमेऱ्यात तर आहे. मग तो म्हणाला, "अहो, व्हय हा काय शब्द आहे? तो नुसता आवाज आहे. म्हैस हंबरते तसा."

पप्पा छोट्या बाकावर गुडघे वर करून बसले होते. ते फळ्याकडं बघत राहिले.

काकूंनी शांतपणे सांगितलं, इकडचं तिकडचं नको. "नाव देणार का नाय, तेवढं बोला."

त्यानं खुर्चीत मागं रेलून आपल्या दोन सहायकांकडं पाहिलं आणि हुबेहूब पप्पांच्या आवाजात म्हणाला, "व्हय."

सहायक हसले. मी लिहिलं.

थोड्या वेळानं त्यानं मला वाचायला सांगितलं. मी उभी राहिले आणि वाचत वाचत तिथपर्यंत आले. नाव देणार का, या प्रश्नाला कार्यकारी निर्मात्यांनी होकार दिला.

"मी कुठं होकार दिला?"

"तुम्ही व्हय म्हणालात, सर."

"अगं, ते गमतीत."

"मला नीट कळलं नाही. मी इंग्रजी शाळेतली," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज कापला नाही. "व्हय म्हणजे काय, सर?"

"व्हय म्हणजे हो," तो चिडून म्हणाला, आणि मग थांबला.

"मंजी शब्द आहे की," काकू म्हणाल्या.

मी दुसरी, शूटिंगची वही उघडली. सात टेक, आणि चौथ्यासमोर दिग्दर्शकाची सूचना, व्हय थोडं उशिरा म्हणा. दिग्दर्शक कोपऱ्यात बसला होता. बरोबर आहे, एवढंच तो म्हणाला.

काकू म्हणाल्या, "म्हशीला कुणी जरा उशिरा हंबर म्हणत नाय."

आता त्याच्या मागचे सहायकही हसले. तो मला म्हणाला, ठीक आहे, लिहून टाक नाव. मी पेन त्याच्यापुढं धरलं. तुम्हीच लिहा, सर, तुमच्या अक्षरात असू दे. सगळे बघत होते, त्याला घ्यावं लागलं. पप्पांनी उभं राहून सांगितलं. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. रंगमंचावर सांगावं तसं, सावकाश. आडनावापाशी पेन थांबलं. त्यानं वर पाहिलं, माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडं. एरवी ते कार्ड मी ओढणीखाली ठेवायचे. त्या दिवशी ठेवलं नव्हतं.

परतताना जीपमध्ये पप्पा म्हणाले, "त्याला लई लागलं असंल, बाळा. चार लोकांत एवढं नव्हतं करायचं." ते मनापासून म्हणत होते. मला वाटत होतं, अजून थोडं करायला हवं होतं. अजूनही वाटतं.

नाव आलं, दिवेवाल्यांच्या नंतर, आभाराच्या आधी. थिएटर अर्धं रिकामं झालं होतं. पप्पा समोरच्या खुर्चीला धरून उभे होते. नाव वर सरकून गेलं तरी ते बसले नाहीत.

काही महिन्यांनी त्या माणसाचा मेसेज आला. नवा चित्रपट आहे, झालं गेलं विसरून जा, तुझ्यासारखी लिहिणारी मिळत नाही. मी वाचला आणि उत्तर दिलं नाही.

बैठकीतला कागद माझ्या कपाटात आहे. पप्पा म्हणतात, त्यांचं नाव आहे, फ्रेम करून लाव. मी लावत नाही. मी तो कधीतरी काढून बघते, पण नाव वाचत नाही. आडनावाच्या पहिल्या अक्षरावर, जिथं त्याचं पेन थांबलं, तिथं शाईचा मोठा ठिपका पडलेला आहे. मी तो बघते.