मावसाजींचा साधा स्वयंपाक

स्वयंपाक ही जगातली सगळ्यांत सोपी गोष्ट आहे आणि बायकांनी ती उगाच अवघड करून ठेवली आहे, असं छातीठोकपणे सांगणारा आणि तितक्याच छातीठोकपणे मुगाच्या खिचडीला अख्खी दुपार लावणारा माणूस रायपुरात एकच आहे, आणि तो नेमका आमच्या नात्यात आहे. माझ्या मावशीचे यजमान. पुण्या-मुंबईकडे मावशीच्या नवऱ्याला काका म्हणून मोकळे होतात. विदर्भातून इकडे येऊन मुरलेल्या आमच्यासारख्या घरांत मात्र ते मावसाजीच असतात. मावसाजींनी सारी नोकरी गावाबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये काढली. तापून लाल झालेलं लोखंड एका बाजूनं आत जायचं आणि दुसऱ्या बाजूनं सळई होऊन बाहेर यायचं, त्याच्या मधोमध उभं राहून माणसाचा आवाज जसा होईल तसा त्यांचा झाला. पुरानी बस्तीतल्या आपल्या घरात बसून त्यांनी मला "चहा घेतोस का?" असं विचारलं, की पलीकडच्या गल्लीतलं कोणीतरी "नको" म्हणतं.

निवृत्त होईपर्यंत मावसाजींना घरातलं स्वयंपाकघर फक्त बाहेरून माहीत होतं. त्यांना एकच पदार्थ यायचा, तो म्हणजे मटण, आणि ते शिजायचं अंगणात. मावशीनं जन्मात मटणाला हात लावला नाही. त्यामुळे रविवारी मावसाजींची चूल वेगळी, गंज म्हणजे पातेलं वेगळं, पळी वेगळी, आणि सगळं घासूनपुसून पायरीखालच्या कोनाड्यात ठेवायची जबाबदारीही त्यांचीच. लहानपणी आम्ही भाचरं त्या चुलीभोवती बसायचो. कांदा-खोबरं भाजायचं, खसखस वाटायची, मसाला तेल सोडेपर्यंत परतायचा, आणि मध्येच कोणी घाई केली की "मटन काही पोस्टाचं तिकीट नाही बे, चाटलं का चिकटलं!" असं ओरडायचं, हा कार्यक्रम सूर्य डोक्यावर येईपर्यंत चालायचा. आत मावशी वरण, भात, पोळ्या, एखादी पालेभाजी आणि कोशिंबीर एवढं सगळं तेवढ्यात उरकून, पदराला हात पुसत, अंगणातला तमाशा बघायला येऊन उभी राहायची. तिचं ते हसणं मला अजून दिसतं.

मग मावशीला विसरायला होऊ लागलं. आधी नावं, मग दूध गॅसवर ठेवलेलं, मग तांदूळ एकदा धुतलेत की दोनदा. एक दिवस भाजी घ्यायला म्हणून गेली आणि शेजारच्या दीदीला, जिच्याशी तिची निम्मं आयुष्य कुंपणावरून देवाणघेवाण चालली होती, तिला आपल्याच घराचा पत्ता विचारू लागली. माझी मावसबहीण नागपूरहून धावत आली. तिनं घर पाहिलं, करपलेली भांडी पाहिली, आणि सकाळ-संध्याकाळ हॉटेलचे डबे आणणारे आपले वडील पाहिले. "आईला मी घेऊन जाते," ती म्हणाली. "बाबा, तिला बाहेरचं तिखट सोसत नाही. तुम्ही दोन वेळचं साधं, घरचं शिजवायला शिका, मग आणून सोडते." मावसाजी गाडीपर्यंत गेले, मावशीला खिडकीजवळ बसवलं, आणि परत येऊन पहिल्यांदा स्वयंपाकघरात पाय ठेवला. मला फोन आला, "बाबू, मुंगाची डाळ आन तुरीची डाळ, यातली पिवळी कोनती बे?"

ज्याला एकच पदार्थ येतो, तो सगळे पदार्थ तसेच करतो. मावसाजींची पहिली खिचडी मी खाल्ली आहे. तिच्यात खसखस होती, भाजलेलं खोबरं होतं, दगडफूल होतं, आणि ती दोन्ही बाजूंनी तेल सोडेपर्यंत परतलेली होती. डाळ-तांदूळ आत कुठेतरी असावेत असा वास होता. लाल भाजी, म्हणजे लाल माठ, त्यांनी अशी शिजवली, की ती नुसतीच लाल राहिली, भाजी राहिली नाही. शेजारची दीदी छत्तीसगढची, तिनं कुंपणावरून वाकून पाहिलं आणि कळवळून म्हणाली, "भैया, भाजी ला अतेक झन भूंजव!" म्हणजे भाजीला इतकं भाजू नका हो. मावसाजींनी तिच्याकडे फार थोरपणानं पाहिलं. कांदा चिरताना ते मिलमधला जाड काचांचा चष्मा लावायचे, पापड भाजायला हातभर लांबीची सांडशी घ्यायचे, आणि फोडणी झाली की नाही हे वासावरून न ठरवता लांब उभं राहून रंगावरून ठरवायचे. "लोखंडाचं जे हाय तेच जिऱ्याचं हाय," ते मला समजावून सांगत. "रंगच सांगते का आता पुढं ढकला." जिरं तोवर कोळसा झालेलं असायचं. त्या महिन्यात माझ्या बायकोनं आमच्या चौबे कॉलनीतून पुरानी बस्तीला जायचं म्हटलं की आधी घरी जेवून निघायचा नियम केला.

त्यांची खरी शाळा फोनवर भरायची. रोज सकाळी भाजी पुढ्यात घेऊन ते नागपूरला फोन लावत. मावशीला काल काय झालं ते आठवत नव्हतं, पण वरणाला काय लागतं ते पक्कं आठवत होतं. मी शेजारी बसून ते संवाद ऐकले आहेत. "मीठ किती टाकू?" "लागते तितकं टाका." "किती लागते?" "चाखून पाहा नं." "अव, कच्ची डाळ कशी चाखू मी?" "मंग शिजल्यावर चाखा." "अन शिजल्यावर कमी निंगालं त?" "मंग टाका नं वरून! तुम्हाले काहून इतकं जड जाऊन राहिलं?" इथे मावसाजी माझ्याकडे वळून, फोनवर हात ठेवून म्हणत, "बरी हाय आज. चिडून राहिली." आणि त्या आनंदात त्यांच्या हातून हळद पुन्हा एकदा पडायची.

मात्र माणूस चिकाटीचा. हळूहळू खसखस गेली, मग दगडफूल गेलं. एक दिवस मला ताटात साधं गोडं वरण मिळालं, मऊ भात, वर लिंबू, बाजूला पालकाची पातळ भाजी, आणि मी दुसऱ्यांदा भात घेतला. मावसाजी टक लावून पाहत होते. त्यानंतर त्यांना आवरणं अवघड झालं. गल्लीत नवीन भाडेकरू आला की तो एकटा राहतो का याची चौकशी करून ते त्याला पिठलं शिकवायला जायचे. बेसन आधी पाण्यात कालवावं, मग फोडणीत सोडावं, म्हणजे गुठळी होत नाही, हे त्यांनी दूधवाल्याला सांगितलं, मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला सांगितलं, आणि देवळाच्या पायरीवर पुजाऱ्यालाही सांगितलं. दीदीकडून ते तांदळाच्या पिठाचा चीला, म्हणजे धिरडं, शिकले आणि तो तिलाच परत शिकवायला गेले. "एक गंज, एक पळी, अन गॅस बारीक," हा त्यांचा सिद्धांत. "साधं जेवन म्हंजे काय हाय बाबू, कशाले हात नाही लावाचा तेवढं समजलं पाहिजे."

एवढं सगळं बोलणारा माणूस जेवायला बसला की गप्प होतो, हे मला उशिरा कळलं. मी एकदा न सांगता गेलो. भेंडीची भाजी उत्तम झाली होती, पोळ्या बऱ्याच गोल होत्या, आणि मावसाजी ताटासमोर नुसते बसले होते. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही बे. मले एकट्याले जेवाची सवय नाही. मिलमधी पंचवीस जन राहे, घरी तुयी मावशी राहे. आता भाजी चांगली झाली हे सांगाले बी कोनी नाही." मग पोळीचा तुकडा मोडत, "मी तिले कधी सांगितलंच नाही, भाजी चांगली झाली म्हनून. ते रोजच चांगली राहे नं." मी पान वाढून घेतलं आणि त्यांच्याबरोबर जेवलो. दुसरं काय करणार होतो!

शेवटी हिवाळ्यात माझी मावसबहीण मावशीला घेऊन आली. परीक्षेलाच आली म्हणायचं. जेवण पसंत पडलं तर आई इथे राहील, नाहीतर दोन दिवसांनी परत. मावसाजींनी वरणफळं करायचं ठरवलं, कारण मावशीला ती फार आवडतात. तुरीचं पातळ वरण उकळायला ठेवलं, कणकेची पोळी लाटून तिचे शंकरपाळ्यासारखे काप करून एकेक त्यात सोडले, वरून लसूण-जिऱ्याची फोडणी. जिरं अगदी बदामी. सकाळपासून ते मला काही बोलू देत नव्हते. मावशी आली, घर सगळं डोळ्यांनी निरखत खुर्चीवर बसली, आणि मावसाजींनी स्वतः ताट तिच्यापुढं ठेवून वर तूप सोडलं. तिनं एक घास घेतला. दुसरा घेतला. आम्ही तिघं उभेच. मग तिनं मान वर करून मावसाजींकडे अगदी प्रसन्नपणे पाहिलं आणि म्हणाली, "बहुत अच्छा बनाए हो भैया. कहाँ के हो?"

आमच्या घरांत माणूस घरचा की बाहेरचा हे ज्या भाषेत त्याच्याशी बोलतात तिच्यावरून कळतं. बाजारात, दवाखान्यात, शेजारी हिंदी. उंबऱ्याच्या आत मराठी. लग्न झाल्यापासून मावशी मावसाजींशी कधी हिंदीत बोलली नव्हती. माझी बहीण तोंडावर हात धरून आत गेली. मी मावसाजींकडे पाहायचं टाळलं. फोनवर त्या दोघांचं छान चाललं होतं. तिथे फक्त आवाज होता, आणि तो आवाज तिच्या ओळखीचा होता. हा चेहरा कोणाचा, ते तिला उमगत नव्हतं. मावसाजी मात्र दोन्ही हातांनी तुपाची वाटी धरून म्हणाले, "यहीं का हूँ दीदी. इसी मोहल्ले का."

"हाथ अच्छा है तुम्हारा," मावशी म्हणाली, आणि मग लेकीला हाक मारून, चक्क मराठीत, त्यांच्या देखत, "पोरी, या मानसाले सोडू नको. ठेवून घे कामावर. असं साधं कोनाले जमते आजकाल?"

अशा रीतीनं माझ्या मावसाजींना, निवृत्तीनंतर, स्वतःच्याच घरी स्वयंपाक्याची नोकरी लागली. मावशी राहिली. बहीण रडत रडत नागपूरला गेली, पण निर्धास्त गेली. तेव्हापासून मावसाजी सकाळी चहा करतात, वरण लावतात, "आज कद्दू चलेगा दीदी?" असं अदबीनं विचारतात, आणि मावशी आरामखुर्चीतून हुकूम सोडते. माणसांकडून काम करून घ्यायची तिला हौस होतीच. ती त्यांना दामटून आधी जेवायला लावते, कारण राबणाऱ्या माणसानं उपाशी घरी जाऊ नये असं तिचं मत आहे. आणि दिवेलागण झाली की म्हणते, "अब जाओ भैया. घरवाली राह देखती होगी."

"हव दीदी," म्हणून मावसाजी चपला घालतात आणि बाहेर पडतात. तेवढ्या वेळापुरती शेजारची दीदी कुंपणावरून मावशीशी गप्पा मारत लक्ष ठेवते. मावसाजी गल्लीच्या तोंडाशी जातात, देवळाला एक फेरी घालतात, आणि परत येऊन आपल्याच दाराची कडी वाजवतात. कधी कधी दार उघडतं आणि मावशी चकित होऊन विचारते, "क्या भूल गए भैया?" तेव्हा ते काहीतरी विसरल्याचं सांगून आत येतात, मागच्या खोलीत जाऊन बसतात, आणि ती झोपेपर्यंत आवाज करत नाहीत.

गेल्या आठवड्यात त्यांच्याबरोबर मीही ती फेरी घातली. मावसाजींनी कडी वाजवली आणि शर्टाची वरची गुंडी लावली. मी दोन पायऱ्या खाली उभा राहिलो. मावशीनं दार उघडलं, उजेडात डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली. इतकं लांबलेलं पाहणं मी दुसरं अनुभवलेलं नाही.

"आले का तुम्ही?" ती म्हणाली. "इतका उशीर काहून झाला? हात-पाय धुवा, वाढतो मी."

मावसाजींचं पोटभर जेवण नुकतंच झालं होतं, हे मला माहीत होतं. ते हात-पाय धुवून पाटावर बसले. मावशीनं झाकण काढून भात वाढला, त्यावर वरण घातलं, आणि समोर बसून विचारलं, "कसं झालं?"

"लय चांगलं झालं," मावसाजी म्हणाले, आणि अजून थोडा भात मागून घेतला.