घसरलेलं नाव

टोपी बाजारात जयसिंहराव भोईट्यांच्या दुकानात बोर्ड करून घ्यायला गेलं, की ते आधी विचारतात, "काही गाता का?"

गिऱ्हाईक बिचारं गोंधळतं. दातांचे एक डॉक्टर आले होते. म्हणाले, "भाईसाब, मुझे तो बोर्ड बनवाना है."

"वही तो. कुछ गुनगुनाइए."

डॉक्टरांनी इकडेतिकडे बघत घाईघाईत एक सिनेमाचं गाणं गुणगुणलं आणि घाम पुसला. त्यांचा बोर्ड अजून आहे. अक्षरं एकमेकांना खेटून पळत सुटल्यासारखी. पेशंट म्हणतात, बोर्ड बघूनच धीर येतो, हा माणूस लवकर सोडेल.

आमचं भांड्यांचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून आहे. दुपारी मी गल्ल्यावर बसते, तेव्हा पलीकडचं सगळं ऐकू येतं. जयसिंहराव कागदावर कुंचल्याने अक्षरं काढतात आणि त्यांची सून नीलम ती कॉम्प्युटरवर घेते. नीलम ग्राफिक डिझाइन शिकून आलेली. सासरा-सुनेचं भांडण ऐकत बसलं, की इथे एखादा पितळेचा डबा विकायचा राहून जातो.

"बाबा, ये ग्रिड है. सगळं ह्याच्यात बसवायचं असतं."

"अगं, हा तर तीनताल झाला. चार खाने, चार-चार मात्रा. मग ह्यात सम कुठाय?"

"सम नसते बाबा, हेडलाइन असते."

"तीच ती."

एकदा लग्नाच्या बॅनरवर त्यांनी मधे वीतभर जागा कोरी सोडली. मुलाचे काका म्हणाले, इथे मोबाइल नंबर टाका. जयसिंहराव म्हणाले, "गवई श्वास घेतो, तिथे तुम्ही मोबाइल नंबर टाकता का?" काका म्हणाले, आमच्याकडे डीजे आहे, तो श्वास घेत नाही. शेवटी नीलमने नंबर टाकला, पण इतका बारीक, की फोन कुणाचाच आला नाही.

ही सगळी दबलेल्या गाण्याची कळ आहे. लहानपणी ते घरच्यांपासून चोरून खासगी बाजार नावाच्या पेठेत एका गुरुजींकडे गाणं शिकत. वडील फौजेतले. त्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "भोसड्या, घोड्यावर बसणाऱ्यांच्या घरात तंबोरा कुठून आला?" घोडा तर तेव्हाही नव्हता, सायकल होती, पण गाणं बंद झालं. पुढे बोर्ड रंगवताना हळू आवाजात गायचे तेवढंच. चार माणसांसमोर कधी बसले नाहीत. तंबोरा दुकानात फ्लेक्सच्या गुंडाळ्यांमधे उभा असतो. त्याला छपाईत चुकलेल्या फ्लेक्सची गवसणी आहे. तिच्यावर कुणा पुढाऱ्याचे जोडलेले हात येतात, त्यामुळे तंबोरा सदा मतं मागत असल्यासारखा दिसतो.

गेल्या दत्तजयंतीची गोष्ट. आमच्या भजनी मंडळाचा देवळात कार्यक्रम असतो. सुधाताई ऐनवेळी मुलाकडे पुण्याला निघाल्या आणि एक जागा रिकामी झाली. मी जयसिंहरावांचं नाव काढलं. मंडळाच्या प्रमुख मंदाताई, वय वर्षं सत्तर, आवाज अजून खणखणीत.

"पुरुषमाणूस? आपल्या मंडळात?"

"दत्तमहाराजांना सहा कान आहेत ताई. एखादा पुरुषाचा आवाज खपून जाईल."

"सूर लागतो का पण त्याचा?"

"भिंतीतून तर लागतो."

मी सांगायला गेले तेव्हा जयसिंहरावांनी हातातला कुंचला रंगाऐवजी चहात बुडवला.

"वहिनी, मतलब, पोस्टरवर नाव येणार?"

"सगळ्यांचं येतं, तसं."

"माझं?"

आमच्या आख्ख्या लष्कर भागात लोकांची नावं रंगवत त्यांचं आयुष्य गेलं. स्वतःच्या दुकानावर मात्र नुसतं 'बोर्ड बनते हैं' एवढंच आहे. मला त्या एका शब्दाने भरून आलं. मनात महाराजांना म्हटलं, ह्यांची लाज राखा.

पोस्टर अर्थातच तेच करणार. त्यांनी मंडळातल्या प्रत्येकीला दुकानात बोलावून गायला लावलं आणि आवाजाप्रमाणे नाव काढलं. माझं नाव सरळ, जाड, मधेच थोडं थबकलेलं. खरंच आहे, मी थबकतेच. पण मंदाताई कच्चं पोस्टर बघून पदर खोचून आल्या.

"जयसिंह, माझ्या नावाच्या ई ला ही शेपटी कसली रे? पार खाली पत्त्यापर्यंत गेलीय!"

"ताई, तुमचा आलाप जातो ना."

"माझा आलाप पत्त्यापर्यंत जातो?"

"मागच्या वर्षी आरतीच्या वेळेपर्यंत गेला होता," मी म्हटलं. मला वाटलं हळू म्हटलं.

"आखूड कर," ताई म्हणाल्या. "नाहीतर मी गाणार नाही आणि तूही नाही."

त्या गेल्या. पोस्टरवर सगळ्यांत खाली एक जागा कोरी होती, शेपटीच्या वेटोळ्यापाशी. तिथे जयसिंहरावांचं नाव यायचं होतं. ते काही येईना. रोज कागदावर काढायचे आणि फाडायचे. नीलम वैतागली.

"बाबा, मैं टाइप कर देती हूँ. साधा फॉन्ट."

"मंदाताईंना शेपटी आणि मला साधा फॉन्ट? ऐकल्याशिवाय कसं काढू? माझा आवाज मी कधी ऐकलाय?"

मग नीलमने मोबाइलवर त्यांचं पद रेकॉर्ड केलं आणि लावलं. मीही दुकान सोडून ऐकायला गेले. सुरुवात छान होती. वरच्या सा ला जाताना मात्र आवाज चढला, चढला, आणि पायरी चुकल्यासारखा जरा खालीच बसला. दोनदा लावलं, दोनदा तिथेच बसला.

"हा कोण गातोय?" जयसिंहराव म्हणाले.

"तुम्हीच, बाबा."

"कणसूर आहे."

"थोडासा. फोनचा माइक खराब असेल."

त्यांनी कुंचला घेतला आणि एका दमात नाव काढलं. 'जयसिंह' डौलात, मान वर केलेलं. आणि 'राव' डोक्यावरची रेघ सोडून बोटभर खाली घसरलेला. कुंचला धुतला, तंबोऱ्याला पुढाऱ्याची गवसणी चढवली, आणि म्हणाले, "वहिनी, पोस्टर पुरं झालं. पण मी गाणार नाही. माझं नाव कापून टाका."

"अहो, पण एवढंसं तर चुकतं!"

"दुसऱ्याचं ऐकून काढतो ना मी? मग माझं खोटं कसं काढू? आणि हे असं छापून लोकांसमोर कसा बसू?"

मी तो कागद उचलला आणि मंदाताईंकडे गेले. त्यांनी चष्मा लावला. घसरलेल्या रावावर बोट ठेवलं.

"हे त्याने स्वतःच काढलं?"

"स्वतःच्या हाताने."

ताई इतक्या हसल्या, की कवळी सांभाळावी लागली. "मग राहू दे माझी शेपटी. मला वाटलं मलाच चिडवतोय मेला. त्याला सांग, शेपटीसकट मी गाणार आहे, तर रावासकट त्यालाही गावं लागेल. नाही आला तर मी दुकानात येऊन आलाप घेईन."

ह्या धमकीपुढे कुणाचं चालणार? पोस्टरं लागली. पाटणकर बाजारात जयसिंहराव दिसले की लोक हाक मारत, "भाईसाब, आपका नाम गिर रहा है!" एका भल्या माणसाने तर देवळाजवळच्या पोस्टरवर पेनने रावाखाली छोटी विटांची भिंत काढून टेकू दिला. जयसिंहराव ती बघून आले आणि म्हणाले, विटा चांगल्या काढल्यात.

दत्तजयंतीला थंडी मी म्हणत होती. सभामंडपात माणसं शाली गुंडाळून, तीळगुळाची गजक चघळत बसलेली. शेवटी जयसिंहराव बसले, पुढाऱ्याविना तंबोरा घेऊन. पद सुरू झालं. छान चाललं होतं, पण सगळ्यांनी पोस्टर पाहिलेलं. वरचा सा जवळ आला तशी गजक चघळायची थांबली. चढले, चढले, आणि बसले बोटभर खाली.

पुढच्या रांगेत बसलेले आमच्या बाजारातले पांडुरंगराव मांडीवर थाप मारून ओरडले, "वा! पोस्टरवर आहे तस्संच!"

मंडप हसला. माझा जीव गेला. मी डोळे मिटून महाराजांकडे बघितलं. उघडले तर जयसिंहराव स्वतःच हसत होते, तान तोंडात तशीच धरून. त्यांनी ओळ पुन्हा घेतली. पुन्हा घसरले. तिसऱ्यांदा निघाले, तेव्हा मागून मंदाताईंनी वरचा सा लावला आणि धरून ठेवला. सोडायलाच तयार नाहीत! त्या एका लांबलचक सुराच्या आधाराने जयसिंहराव मजेत खालीवर हिंडले, पद पुरं केलं, नमस्कार केला, तरी ताईंचा सा चालूच. आरतीला उशीर झालाच. पुजाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं काही आलाप मीच घेत होते.

आता भिंतीपलीकडून रोज सकाळी आवाज येतो, दुकान उघडायच्या आधी. भांडी पुसता पुसता मी ऐकते. परवा यंदाच्या पोस्टरची बोलणी चालली होती.

"नीलम, तो राव जरा वर घे."

"सीधा कर दूँ, बाबा?"

"सरळ नको गं. केसभर घे." मग म्हणाले, "थांब. आधी रेकॉर्ड कर."