खालची खाच

"बाई, बा गेला..." लखमादादांच्या मुलीचा, मंजूचा फोन आला तेव्हा मी मसोलीच्या घरी मोजणीची वही काढूनच बसले होते. भातकापणी उरकली की गंजाडजवळच्या त्यांच्या पाड्यावर जायचं आणि राखलेल्या जंगलातली झाडं मोजायची, हा आमचा बारा वर्षांचा शिरस्ता. फोन ठेवला आणि पहिला विचार काय यावा? यंदा मोजणीला कोण?... माझी मलाच लाज वाटली. दादांना मात्र नसती वाटली. "मी नाय म्हणून मोजायचा नाय का?" असं त्यांनी उलट मलाच झापलं असतं.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, ते भात-नाचणी पिकवणारे. पाड्याने डोंगरउतारावरचा एक तुकडा न तोडता राखायचं ठरवलं, तेव्हा जंगल खरंच वाढतंय का हे पाहायला आम्ही झाडांना नंबर लावले. दरवर्षी प्रत्येक खोडाचा घेर मोजायचा. पहिल्याच वर्षी मी तापाने आडवी. दादांच्या हाती टेप दिला आणि रुबाबात सांगितलं, "छातीच्या उंचीवर मोजा." दुसऱ्या वर्षी मी स्वतः मोजलं, तर निम्मी झाडं बारीक झालेली! मी डोकं धरून बसले. दादा मला उठवून शेजारी उभे राहिले. जेमतेम माझ्या खांद्याला लागत होते. "बाई, झाडं बारीक नाय झाली. छाती बदलली." मग आम्ही जे हसत सुटलो...

चूक माझीच. छातीची उंची म्हणजे जमिनीपासून साडेचार फूट, हे पुस्तकातलं माप मला पाठ होतं, त्यांना सांगितलंच नव्हतं. दादांनी लगेच बांबूची काठी तोडली, त्या मापावर खाच पाडली आणि तलासरीच्या बाजारातून आणलेला लाल रंग तिच्यात भरला. काठी खोडाला टेकवायची, खाचेपाशी टेप गुंडाळायचा. खाली आणखी एक खाच होती. मला वाटलं, कोयता घसरला असेल. पहिल्या वर्षाचं पान मी रेघ मारून बाद केलं. हळहळ राहिली ती राहिलीच, कारण राखण सुरू झाली तेव्हाचं जंगल त्या एकाच पानावर होतं.

यंदा गेले, तर मंजू काठी घेऊन तयार. पहिल्या ऐनाच्या झाडाचा वरच्या खाचेवरचा आकडा मी लिहिला आणि पुढे निघाले. ती जागची हलेना, बोट खालच्या खाचेवर.

"आणि ही बाची?"

"बाची म्हणजे?"

"बाची छाती. ते पान तुमाला कधीतरी लागंल, म्हणायचा. मी काय जन्माला पुरणार हाय, म्हणून ही खाच, म्हणायचा. पण बाईंनी खोडलेलं आपण कशाला उकरायचं, म्हणून बोलला नाय."

मला रडू आलं, आणि हसूही. त्या दिवशी आम्ही प्रत्येक झाड दोनदा मोजलं. दादांच्या छातीपाशी तो ऐन आता माझ्या कवेत मावत नाही. घरी येऊन पहिलं पान उघडलं. खालच्या खाचेचे आकडे आता त्याच्याशी ताडता येत होते. रेघ पेनाची, पुसली जाईना. म्हणून तिच्याशेजारी लिहिलं : माप बरोबर. मोजणारे, लखमादादा.